अ‍ॅशली स्मिथची फाईल

19 डिसेंबर 2013 रोजी टोरांटोत कॉरोनरच्या कोर्टात पाच स्त्रियांच्या ज्युरीनं एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मृत्यूबद्दल निकाल दिला. सोबत 104 शिफारशी केल्या. त्यांतली सगळ्यात वरची शिफारस अशी होती: अ‍ॅशली स्मिथच्या बाबतीत तुरुंगात जे घडलं ते कॅनडाच्या तुरुंगखात्यातल्या प्रत्येकाला, कोठडीबाहेरच्या पहारेकऱ्यापासून मुख्यालयातल्या अधिकाऱ्यापर्यंत, प्रकरण-अभ्यास म्हणून शिकवलं जावं.

मला हे प्रकरण आपल्यासाठीही महत्त्वाचं वाटतं. तुरुंगातल्या बायकांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं लगेच बराकींतल्या गर्दीवर येतं, पैशांवर येतं, मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाहीत यावर येतं. ही कारणं खरी आहेत, त्यात वाद नाही. पण अ‍ॅशलीच्या प्रकरणात यातलं एकही कारण लागू पडत नाही. देश श्रीमंत होता. तुरुंग स्त्रियांसाठी, खास विचार करून बांधलेला होता. मानसतज्ज्ञ नेमलेले होते, कोठडीत कॅमेरा होता, कायदा होता, तुरुंगांवर नजर ठेवणारा स्वतंत्र लोकपाल होता. आणि तरीही ती पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत गेली. ते दाराबाहेर उभे होते आणि आत जायचं नाही असा त्यांना हुकूम होता.

(या लेखात आत्महत्येचा आणि स्वतःला इजा करून घेण्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल. ज्यांना त्याचा त्रास होतो त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल.)

मोंक्टनची मुलगी

अ‍ॅशलीचा जन्म 29 जानेवारी 1988 चा. पाच दिवसांची असताना कोरली स्मिथ यांनी तिला दत्तक घेतलं आणि न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मोंक्टन शहरात ती वाढली. तेरा-चौदा वर्षांची होईतो सांगण्यासारखं वेगळं काही नव्हतं. मग वागणं बदललं. शाळेत उलट बोलणं, रस्त्यात अनोळखी माणसांच्या अंगावर जाणं, पुन्हा पुन्हा शाळेतून निलंबन. पंधरा वर्षांची होईपर्यंत ती बाल न्यायालयासमोर चौदा वेळा उभी राहिली होती. गुन्हे किरकोळ होते: गोंधळ घालणं, मनाई असलेल्या जागी शिरणं.

मार्च 2003 मध्ये तिला तपासणीसाठी एका केंद्रात ठेवलं. लक्ष एकाग्र न होण्याचा विकार म्हणजे एडीएचडी, शिकण्यातली अडचण आणि बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर अशी निदानं पुढं आली. मुदत संपायच्या काही दिवस आधीच तिला केंद्रातून घरी पाठवलं, कारण ती दंगा करत होती. ज्यासाठी तिला तपासायला घेतलं होतं, त्याच कारणावरून तिला बाहेर काढलं. पुढची चार वर्षं हेच होत राहिलं, फक्त दर वेळी इमारत वेगळी होती.

बॉर्डरलाइन विकाराबद्दल इथं दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. या माणसांच्या भावना फार जोरात उसळतात आणि शांत व्हायला फार वेळ घेतात. आपल्याला कुणीतरी सोडून जाईल ही भीती कायम असते. आतली तगमग असह्य झाली की अनेक जण स्वतःला इजा करून घेतात. यावर हमखास गुण देणारी गोळी नाही. उपयोग होतो तो बोलण्याच्या उपचाराचा, तोही आठवड्यामागून आठवडे, महिनोन् महिने, ठरलेल्या वेळी, शक्यतो त्याच माणसासोबत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी यासाठीच डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी नावाची पद्धत उभी केली. तिचा पाया एकच: रुग्णाची वेदना खरी मानायची, आणि मग ती सोसण्याचे दुसरे मार्ग तिला हळूहळू शिकवायचे. एकटं कोंडून ठेवलं तर हा आजार बळावतो, हे सांगायला वेगळा तज्ज्ञ लागू नये.

त्याच वर्षी अ‍ॅशलीनं एका पोस्टमनवर झाडाची छोटी आंबट सफरचंदं फेकली. शेजाऱ्यांचे सरकारी मदतीचे चेक तो मुद्दाम अडवून ठेवतो, असं तिला वाटत होतं. या प्रकारानंतर ती बालसुधारगृहात गेली. शिक्षा एका महिन्याची होती.

तो महिना कधी संपलाच नाही. मिरामिशी इथल्या त्या सुधारगृहात पुढच्या तीन वर्षांत तिच्या नावावर आठशेहून जास्त घटना नोंदल्या गेल्या. त्यांतल्या किमान दीडशे घटना स्वतःला इजा करून घेण्याच्या होत्या. कर्मचाऱ्यावर थुंकली, की नवा आरोप. झडतीला विरोध केला, की नवा आरोप. आरोप कोर्टात जायचा, मुदत वाढायची, वाढलेली मुदत बहुतांशी एकांतात जायची, आणि त्या एकांतातून पुढचा आरोप जन्माला यायचा. एका महिन्याची शिक्षा शेवटी सहा वर्षांच्या वर गेली. ती वाढवणारे सगळे गुन्हे कोंडल्यानंतरचे, कोंडलेल्या जागेतच घडलेले होते. आठशे नोंदींच्या त्या ढिगाकडे कुणी आजाराचा आलेख म्हणून पाहिलं असतं तर त्यातून उपचाराची दिशा नक्की मिळाली असती, असं मला वाटतं. पण त्या नोंदी शिस्तभंगाच्या रकान्यात होत्या आणि त्या रकान्यातून पुढं शिक्षाच निघते.

जानेवारी 2006 मध्ये ती अठरा वर्षांची झाली. प्रौढांच्या तुरुंगात पाठवू नका म्हणून वकिलामार्फत तिनं विरोध केला, तो टिकला नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिला सेंट जॉनच्या तुरुंगात नेलं. तिथल्या काही आठवड्यांतच तिच्यावर दोनदा टेझर म्हणजे विजेचा धक्का देणारं हत्यार वापरलं गेलं, एकदा मिरपुडीचा फवारा मारला गेला. कॅनडात दोन वर्षं किंवा त्याहून मोठी शिक्षा असेल तर कैदी केंद्र सरकारच्या ताब्यात जातो. 31 ऑक्टोबर 2006 रोजी ती त्या ताब्यात गेली.

सुधारलेले तुरुंग

ज्या तुरुंगांत ती फिरत राहिली ते जुनाट, अंधारे नव्हते. उलट, ते एका मोठ्या सुधारणेचं फळ होते.

1934 पासून केंद्राच्या ताब्यातल्या स्त्री कैद्यांसाठी अख्ख्या देशात एकच तुरुंग होता, ऑन्टारिओतल्या किंग्स्टनमध्ये. बाई कुठल्याही प्रांताची असो, तिला तिथंच आणत. मुलंबाळं, आई-बाप हजारो किलोमीटर लांब. तिथल्या आत्महत्यांमुळे, विशेषतः मूळनिवासी समाजातल्या बायकांच्या आत्महत्यांमुळे, आवाज उठला आणि 1990 मध्ये एका कृती दलानं तो बंद करण्याची सूचना केली. तुरुंगात येणाऱ्या बहुसंख्य बायका आधीच मारहाण आणि लैंगिक अत्याचार सोसून आलेल्या असतात, त्यांना पुरुषांसाठी आखलेल्या साच्यात कोंबू नका, असं त्या दलाचं म्हणणं होतं. सरकारनं ते मान्य केलं आणि प्रदेशवार लहान तुरुंग बांधले: नोव्हा स्कोशियात ट्रुरो, क्वेबेकमध्ये जोलिएट, ऑन्टारिओत किचनर इथला ग्रँड व्हॅली, आणि इतर. छोटी घरं, स्वतःचं स्वयंपाकघर, मोकळं अंगण.

नवे तुरुंग बांधून होण्याआधीच, एप्रिल 1994 मध्ये, किंग्स्टनच्या एकांत कोठड्यांत पुरुष पथक घुसवून बायकांचे कपडे उतरवले गेले. त्याची चित्रफीत टीव्हीवर दिसली आणि देश हादरला. न्यायमूर्ती लुईझ आर्बर यांच्या आयोगानं 1996 च्या अहवालात सांगितलं, की तुरुंगात कायद्याचं राज्य उरलेलं नाही. एकांतवासाला दिवसांची मर्यादा घाला आणि त्यावर तुरुंगाबाहेरच्या कुणाची तरी देखरेख ठेवा. नवे तुरुंग उघडले, किंग्स्टनचा तुरुंग 2000 मध्ये बंद झाला. आर्बर यांची ही सूचना मात्र सरकारनं बाजूला ठेवली.

पुढं नव्या तुरुंगांच्या आवारात त्या छोट्या घरांच्या बाजूला कडक पहाऱ्याचे विभाग उभे राहिले. अ‍ॅशलीच्या वाट्याला ती घरं कधी आली नाहीत. तिला मिळाली ती एकांत कोठडी.

अकरा महिन्यांत सतरा वेळा

केंद्राच्या ताब्यात ती साडेअकरा महिने जगली. तेवढ्या काळात तिला सतरा वेळा हलवलं. तीन तुरुंग, दोन उपचार केंद्रं, दोन बाहेरची रुग्णालयं आणि एक प्रांतिक तुरुंग. अटलांटिक किनाऱ्याकडच्या ट्रुरोपासून पश्चिम कॅनडातल्या सस्कॅटूनपर्यंत, तिथून माँट्रियल, मग किचनर, जोलिएट, पुन्हा ट्रुरो, पुन्हा किचनर. तुरुंगांचे तत्कालीन लोकपाल हॉवर्ड सेपर्स यांनी जून 2008 मध्ये दिलेल्या अहवालात हा हिशेब मांडला आहे. हलवण्याची कारणं बहुतेक वेळा उपचारांची नव्हतीच, असं त्यांनी नोंदवलं. कुठं कोठडी रिकामी नव्हती, कुठं कर्मचारी तिला सांभाळून थकले होते.

कर्मचारी थकले होते हे मी खोटं मानत नाही. दिवसातून अनेकदा स्वतःच्या गळ्याभोवती काहीतरी आवळून घेणाऱ्या मुलीवर आठ-आठ तास नजर ठेवणं माणसाला पिळून काढतं. पण थकलेल्या कर्मचाऱ्यांना मदत पाठवायची की आजारी मुलगीच दुसरीकडे पाठवायची, या प्रश्नाचं उत्तर दर वेळी एकच निघालं.

एका प्रवासाची चित्रफीत पुढं लोकांनी पाहिली. एप्रिल 2007 मध्ये सस्कॅटूनहून माँट्रियलला नेताना विमानात तिच्या डोक्यावर जाळीची टोपी चढवलेली आहे आणि हात चिकटपट्टीनं सीटला बांधलेले आहेत. दुसरी चित्रफीत जोलिएटची, त्याच वर्षीच्या जुलैमधली. त्यात तिला पट्ट्यांनी जखडून, तिच्या इच्छेविरुद्ध, एकामागून एक इंजेक्शनं दिली जात आहेत. तुरुंगखात्यानं या चित्रफिती बाहेर येऊ नयेत म्हणून कोर्टात बराच झगडा केला.

या सगळ्या काळात तिचं मानसिक आरोग्याचं सविस्तर मूल्यमापन एकदाही पूर्ण झालं नाही. उपचारांचा एक सलग आराखडाही बनला नाही. काही वेळा तिनं स्वतःच बोलायला नकार दिला, हे खरं आहे. पण दर दोन-तीन आठवड्यांनी नवा चेहरा समोर येऊन, तोही कोठडीच्या दाराच्या फटीतून, मनातलं सांग म्हणाला तर कोण सांगेल? जिच्या आजाराचं मूळच सोडून जाण्याच्या भीतीत आहे, तिच्याभोवतीची सगळी माणसं सतरा वेळा बदलली.

साठ दिवसांचं घड्याळ

या प्रकरणातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग एका नियमाचा आहे.

कॅनडाच्या कायद्यात तेव्हा एकांतवास दोन प्रकारचा होता. शिक्षा म्हणून दिलेल्या एकांतवासाला दिवसांची मर्यादा होती, एका गुन्ह्यासाठी तीस दिवस. दुसरा ‘प्रशासकीय’. तो शिक्षा मानला जात नसे. सुरक्षेसाठी, कैद्याच्या स्वतःच्या भल्यासाठी म्हणून तो दिला जाई आणि त्याला शेवटची तारीख नव्हती. कोठडी तीच, भिंती त्याच, तेवीस तास आतच. आपल्या भारतीय दंड संहितेतही 1860 पासून कोर्टानं दिलेल्या एकांतवासाला सलग 14 दिवसांची मर्यादा होती. शिक्षेला मर्यादा घालणं कायद्याला सुचतं. काळजीच्या नावाखाली जे केलं जातं त्याला मर्यादा घालणं सुचत नाही, आणि मानसिक आजार असलेली बाई नेमकी त्या दुसऱ्या वाटेनं आत ढकलली जाते.

तरी एक राखण होती. कैदी साठ दिवस प्रशासकीय एकांतात राहिला की विभागीय पातळीवरच्या अधिकाऱ्यांनी त्याची फाईल तपासायची. म्हणजे तुरुंगाबाहेरचा कुणीतरी एकदा तरी विचारेल, की ही मुलगी दोन महिने एकटी का आहे?

अ‍ॅशलीच्या बाबतीत तो प्रश्न कुणी विचारला नाही, कारण कागदोपत्री तिचे साठ दिवस कधी भरलेच नाहीत. तिला हलवलं की जुन्या तुरुंगातला एकांतवास ‘उठवला’ असं लिहिलं जाई. नव्या ठिकाणी पोहोचली की पुन्हा एकांत कोठडी, आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. रुग्णालयातून परत आली, तरी पुन्हा एक. केंद्राच्या ताब्यातला जवळजवळ सगळा काळ ती एकटी होती आणि कागदावर मात्र कधीच फार काळ एकटी नव्हती. यात कुणी खोटी सही केली नाही. प्रत्येकानं आपल्यापुरता नियम पाळला. तिचे दिवस एका ओळीत मांडून बेरीज करणं हे कुणाचंच काम नव्हतं.

ती काही गप्प बसलेली नव्हती. तिनं तक्रारी केल्या. ग्रँड व्हॅलीत सप्टेंबर 2007 मध्ये तिनं लिहिलेली एक तक्रार बंद लिफाफ्यात तक्रारपेटीत गेली. तो लिफाफा उघडला गेला तेव्हा तिला जाऊन दोन महिने झाले होते.

‘श्वास चालू असेतोवर’

31 ऑगस्ट 2007 रोजी ती पुन्हा ग्रँड व्हॅलीत आली. अंगावर फाटणार नाही असा जाड सुरक्षा झगा. बऱ्याचदा अंथरूण नाही, पायांत काही नाही, लिहायला-वाचायलाही फारसं काही नाही. जे काही दिलं त्याचा ती फास करते, म्हणून एकेक वस्तू काढून घेतलेली. सुरक्षेच्या हिशेबानं हे बरोबरच दिसतं. उपचाराच्या हिशेबानं पाहिलं तर मन गुंतवण्याचं एकेक साधन काढून घेत गेल्यावर तिच्याजवळ स्वतःच्या शरीराखेरीज काही उरलं नव्हतं.

फास आवळला की पहारेकरी धावत आत येत, तो कापत, बाहेर जात. सेपर्स यांनी एका मानसतज्ज्ञाचं मत घेतलं होतं. त्या मतानुसार, एकांतातला कंटाळा, एकटेपणा आणि निराशा थोडी तरी हलकी व्हावी म्हणून कर्मचाऱ्यांना कोठडीत ओढून आणण्याचा तिचा हा मार्ग असण्याची दाट शक्यता होती. दिवसभरात माणसाचा हात लागायचा तो तेवढ्याच वेळी. ‘लक्ष वेधून घेण्यासाठी करते’ हे वाक्य आपणही घराघरांत ऐकतो, आणि ते म्हणजे जणू दुर्लक्ष करायची परवानगी असं धरतो. अ‍ॅशली लक्ष वेधूनच घेत होती. तिला त्याची गरज होती.

आता तुरुंगाच्या बाजूनं पाहू. पहारेकरी कोठडीत शिरून कैद्याला हात लावतो, तेव्हा नियमानं तो ‘बळाचा वापर’ ठरतो. त्याचं चित्रीकरण करायचं, अहवाल लिहायचा, तो वरच्या कार्यालयात पाठवायचा. किंग्स्टनसारखं पुन्हा घडू नये म्हणून घातलेली ही राखण होती. अ‍ॅशलीमुळे ग्रँड व्हॅलीतून अशा अहवालांची रांग लागली. वरून विचारणा होऊ लागली, की तुमच्याकडे बळाचा वापर इतका का? आकडा खाली आणायचा होता, आणि आत जाणं कमी केलं की तो खाली येणार होता. पहारेकऱ्यांना हुकूम मिळाला: तिचा श्वास चालू असेतोवर, ती बोलत किंवा हलत असेतोवर, आत जायचं नाही. लवकर आत शिरलेल्यांना समज दिली गेली. जी नोंदवही कैद्याला मारहाणीपासून वाचवण्यासाठी होती, तिचाच आकडा सुधारण्यासाठी कैद्याचा जीव टांगणीला लागला. मूळ हेतू सुटून आकडाच हातात राहिला की काय होतं, याचं याहून भयंकर उदाहरण माझ्या वाचनात नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला तिची तब्येत ढासळत चालली होती. आपल्याला मानसोपचाराच्या ठिकाणी हलवा, अशी मागणी तिनं केली होती. तिच्यावर आत्महत्येच्या धोक्यामुळे सतत पहारा ठेवण्याचा आदेशही निघाला होता. 19 ऑक्टोबर 2007 च्या पहाटे तिनं पुन्हा फास आवळला. पहारेकरी दारापाशी होते, कॅमेरा चालू होता. ते पाहत राहिले, वाट पाहत राहिले, कारण हुकूम तसाच होता. ते आत गेले तेव्हा उशीर झाला होता. सकाळी आठच्या सुमारास रुग्णालयात तिला मृत घोषित केलं.

दोष कुणाचा

सहा दिवसांत तीन पहारेकरी आणि एका पर्यवेक्षकावर निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला. तुरुंगाच्या मुख्य आणि उपमुख्य अधिकाऱ्यांना नोकरीवरून काढलं. डिसेंबर 2008 मध्ये पहारेकऱ्यांवरचे आरोप मागे घेतले गेले. पहारेकऱ्यांच्या संघटनेनं स्वतः अहवाल काढून सांगितलं, की हे हुकूम वरून आले होते. कोरली स्मिथ यांनी खात्यावर एक कोटी दहा लाख डॉलरचा दावा लावला, तो 2011 मध्ये तडजोडीनं मिटला. रक्कम उघड झाली नाही.

त्या माऊलीनं पाठ सोडली नाही. कॉरोनरची पहिली चौकशी 2011 मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी वादांत मोडून पडली. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. मुंबईतही एकेकाळी कॉरोनरचं कोर्ट होतं, जुन्या मंडळींना आठवेल. दुसरी चौकशी डॉ. जॉन कार्लाइल यांच्यापुढे जानेवारी 2013 मध्ये सुरू झाली आणि जवळपास वर्षभर चालली. पहारेकरी, परिचारिका, मानसतज्ज्ञ, तुरुंगप्रमुख, मुख्यालयातले अधिकारी, सगळ्यांच्या साक्षी झाल्या.

पहिल्यापासून कुजबुज अशी होती, की मृत्यू ‘आत्महत्या’ किंवा ‘अपघात’ ठरेल. ज्युरीनं शब्द वापरला तो ‘होमिसाइड’, म्हणजे दुसऱ्यांच्या कृतीमुळे घडलेला मृत्यू. कॉरोनरच्या कोर्टात या शब्दानं कुणी गुन्हेगार ठरत नाही, कुणाला शिक्षा होत नाही. पण त्या पाच जणींनी महिनोन् महिने सगळं ऐकून एवढं निश्चितपणे सांगितलं, की ही मुलगी स्वतःच्या हातानं मेली असं म्हणून मोकळं होता येणार नाही.

104 शिफारशींतल्या काही फार साध्या आहेत, आणि त्या लेखी मागाव्या लागल्या याचंच वाईट वाटतं. जीव वाचवायला आत जाण्यासाठी पहारेकऱ्याला वरिष्ठांची परवानगी लागू नये. स्वतःला इजा करून घेणाऱ्या बाईच्या उपचारांबद्दलचे निर्णय तुरुंगाधिकाऱ्यांनी नव्हे, वैद्यकीय माणसांनी घ्यावेत. गंभीर मानसिक आजार असलेल्या स्त्रियांनी शिक्षेचा काळ पहाऱ्याभोवती उभ्या केलेल्या तुरुंगात काढू नये, उपचाराभोवती उभ्या केलेल्या जागेत काढावा. बेमुदत एकांतवास बंद करावा. सलग पंधरा दिवसांच्या पुढं कुणालाही ठेवू नये.

त्यानंतर

मे 2014 मध्ये सरकारनं ऑन्टारिओतल्या ब्रॉकव्हिलच्या मानसोपचार रुग्णालयात स्त्री कैद्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर खाटा जाहीर केल्या. दोन खाटा. डिसेंबर 2014 मध्ये तुरुंगखात्याचं औपचारिक उत्तर आलं. प्रशिक्षण, समित्या, देखरेख यांबद्दल त्यात बरंच होतं, पण एकांतवासाला दिवसांची मर्यादा घालण्याची शिफारस नाकारली होती. 1996 ला जे नाकारलं होतं, तेच पुन्हा.

नोव्हेंबर 2015 मध्ये नवे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी कायदामंत्र्यांना दिलेल्या कामांच्या यादीत अ‍ॅशली स्मिथ चौकशीच्या शिफारशींचा नाव घेऊन उल्लेख केला. जुलै 2016 मध्ये त्याच ग्रँड व्हॅलीत तीस वर्षांची आणखी एक स्त्री एकांत कोठडीत बेशुद्ध सापडली आणि दोन दिवसांत गेली. तिचाही स्वतःला इजा करून घेण्याचा जुना इतिहास होता.

शेवटी हालचाल झाली ती न्यायालयांमुळे. नागरी हक्क संघटनांच्या याचिकांवर ऑन्टारिओ आणि ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायालयांनी बेमुदत एकांतवास घटनाबाह्य ठरवला. मार्च 2019 मध्ये ऑन्टारिओच्या अपील न्यायालयानं सलग पंधरा दिवसांपुढचा एकांतवास ही क्रूर वागणूक आहे, असं म्हटलं. हे पंधरा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या, कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या नेल्सन मंडेला नियमांतले. स्त्री कैद्यांसाठीचे बँकॉक नियम त्याआधीचे, 2010 चे. तुरुंगातल्या बाईला तिच्यावर पूर्वी झालेल्या आघातांचं भान ठेवून, तिच्या गरजेप्रमाणे मानसिक उपचार मिळाले पाहिजेत, असं ते स्पष्ट सांगतात.

जून 2019 मध्ये संसदेनं कायदा बदलला आणि 30 नोव्हेंबर 2019 पासून एकांत कोठड्यांच्या जागी ‘संरचित हस्तक्षेप विभाग’ आले. नव्या नियमाप्रमाणे कैद्याला रोज किमान चार तास कोठडीबाहेर मिळाले पाहिजेत आणि त्यांतले दोन तास माणसांशी खऱ्याखुऱ्या संवादात गेले पाहिजेत. खात्याबाहेरचे निर्णयाधिकारीही नेमले गेले. दिवसांची वरची मर्यादा मात्र या कायद्यातही नाही.

गुन्हेशास्त्रज्ञ अँथनी डूब आणि जेन स्प्रॉट यांनी खात्याचीच आकडेवारी तपासून फेब्रुवारी 2021 मध्ये निष्कर्ष मांडले. या विभागांत राहिलेल्यांच्या 28.4 टक्के मुक्कामांत परिस्थिती आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे एकांतवासाची होती. आणखी 9.9 टक्के मुक्काम त्याही पलीकडचे होते. पंधरा दिवसांच्या वर आणि दिवसाला दोन तासही बाहेर नाही, याला मंडेला नियम छळ किंवा क्रूर वागणूक म्हणतात. बाहेर जायला कैदीच नकार देतात, असं खात्याचं म्हणणं होतं. अ‍ॅशलीच्या फाईलमध्येही तपासणी पूर्ण न होण्याचं एक कारण असंच नोंदलेलं आहे: तिनं नकार दिला.